यंत्राने केलेले भाषांतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे माझा बराचसा दिवस यंत्राने लिहिलेली मराठी दुरुस्त करण्यात जातो. आमच्या कामात याला पोस्ट-एडिटिंग म्हणतात. ओळखीचे लोक, भाषांतरात नव्याने आलेली मुलंमुली आणि अधूनमधून एखादा प्रोग्रॅमर मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एका जागी लिहून ठेवले आहे.

यंत्र भाषांतर करते म्हणजे नेमके काय करते?

वाक्याचे लहान लहान तुकडे करते, प्रत्येक तुकड्याच्या जागी आकड्यांची एक लांबलचक यादी ठेवते आणि मग दुसऱ्या भाषेतला एकेक तुकडा अंदाजाने मांडत जाते. मूळ वाक्य हे आहे, आतापर्यंत एवढे लिहून झाले आहे, तर आता पुढे काय येण्याची शक्यता सर्वांत जास्त? दर पावलाला एवढाच हिशेब. हा अंदाज ते वाक्यांच्या लाखो-कोट्यवधी जोड्या पाहून शिकते: एक वाक्य इंग्रजी, शेजारी त्याचे मराठी. अशा जोड्यांच्या साठ्याला समांतर कॉर्पस म्हणतात.

यात शब्दकोश नसतो आणि व्याकरणाचे पुस्तकही नसते. कर्ता, कर्म, क्रियापद हे शब्द यंत्राला कुणी सांगितलेले नसतात. तरी 'मुलीने पत्र लिहिले' यात क्रियापद मुलीच्या नव्हे तर पत्राच्या तालावर चालते, हे ते बहुतेक वेळा बरोबर साधते. मला अजूनही याचे नवल वाटते.

त्यापेक्षा मोठा शब्दकोश आणि व्याकरणाचे सगळे नियम भरले तर?

तेच आधी करून पाहिले, आणि काही दशके पाहिले. अडचण कुठे येते हे कळायला 'लागणे' हे एकच क्रियापद पुरे. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेड लागते, निकाल लागतो, पाऊस लागतो, डोळा लागतो. वाट बघायला वेळही लागतो. प्रत्येक ठिकाणी इंग्रजी क्रियापद वेगळे. नियम लिहायला बसा, शंभर अर्थ आणि दोनशे अपवाद होतात. आणि 'डोळा लागला' म्हणजे झोप लागली, डोळ्याला काही लागले नाही, हे कळण्यासाठी पुन्हा आजूबाजूचे वाक्य लागतेच.

येहोशुआ बार-हिलेल या संशोधकाने १९६० मध्ये हाच मुद्दा एका साध्या इंग्रजी वाक्याने मांडला: 'द बॉक्स वॉज इन द पेन'. इथे पेन म्हणजे लिहायचे पेन नव्हे, लहान मुलाला खेळायला ठेवतात ते कुंपण. माणसाला हे लगेच कळते, कारण खोका लेखणीत मावत नाही हे त्याला माहीत असते. हे ज्ञान व्याकरणातले नाही, जगातले आहे, आणि जगाचे सगळे ज्ञान यंत्रात भरणे अशक्य आहे, म्हणून माणसाच्या तोडीचे पूर्ण स्वयंचलित भाषांतर होणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गंमत म्हणजे १९५२ मध्ये या विषयावरची पहिली परिषद त्यांनीच भरवली होती.

हे सगळे सुरू कधी झाले?

संगणक जन्मले त्याच्या मागोमाग. दुसऱ्या महायुद्धात गुप्त लिपी फोडण्यात जे यश मिळाले, त्याने अनेकांना वाटू लागले की परकी भाषा हीसुद्धा एक प्रकारची लिपीच. अमेरिकन गणितज्ञ वॉरन वीव्हर यांनी जुलै १९४९ मध्ये हा विचार एका टिपणात मांडला आणि अमेरिकेत कामाला गती आली. ७ जानेवारी १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी जाहीर प्रयोग केला: साठाहून थोडी जास्त रशियन वाक्ये, २५० शब्द, ६ नियम. वाक्ये अर्थातच आधी निवडलेली होती. वर्तमानपत्रे हरखून गेली आणि तीन ते पाच वर्षांत काम फत्ते होईल असे अंदाज बांधले गेले.

बारा वर्षांनी, १९६६ मध्ये, अमेरिकन सरकारसाठी या कामाचा आढावा घेणाऱ्या अल्पॅक समितीचा अहवाल आला. यांत्रिक भाषांतर माणसापेक्षा हळू, कमी अचूक आणि दुप्पट महाग आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. अमेरिकेतला निधी जवळजवळ आटला.

तरी त्याच नियमांच्या जोरावर एक गोष्ट उत्तम चालली. माँट्रियल विद्यापीठातल्या गटाने बनवलेली 'मेतेओ' ही प्रणाली कॅनडाचे हवामान अंदाज १९७७ पासून रोज इंग्रजीतून फ्रेंचमध्ये आणत होती, ती २००१ पर्यंत. हवामानाच्या बातमीत शब्द मोजके आणि वाक्ये ठराविक साच्याची. विषय अरुंद असला की यंत्र पटकन भरवशाचे होते, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे.

पुढचे वळण आयबीएमच्याच प्रयोगशाळेत आले. १९९० च्या सुमारास तिथल्या संशोधकांनी नियम बाजूला ठेवले आणि कॅनडाच्या संसदेचे इंग्रजी-फ्रेंच कामकाज समोर घेऊन निव्वळ मोजणी सुरू केली: कोणता शब्द कोणाच्या समोर किती वेळा येतो. भाषाशास्त्रज्ञांना हे फारसे रुचले नाही, पण चालले. २००३ च्या सुमारास मोजणी शब्दांऐवजी शब्दसमूहांची होऊ लागली, २००६ मध्ये गूगल ट्रान्सलेट आले आणि मराठीची पाळी तिथे २०१३ मध्ये आली. २०१४ मध्ये न्यूरल जाळ्यांनी, म्हणजे उदाहरणांवरून स्वतः शिकणाऱ्या गणिती रचनांनी, सबंध वाक्याचे भाषांतर करून दाखवले. त्याच वर्षी 'अटेन्शन' ही युक्ती पुढे आली: प्रत्येक शब्द लिहिताना मूळ वाक्यातल्या कोणत्या भागाकडे किती लक्ष द्यायचे, ते यंत्रानेच ठरवायचे. २०१७ मध्ये फक्त याच युक्तीवर उभी असलेली ट्रान्सफॉर्मर ही रचना आली. आजची जवळपास सगळी भाषांतर यंत्रे, आणि चॅटबॉटही, याच घराण्यातले.

रशियनमध्ये जाऊन परत आलेल्या त्या वाक्याचा किस्सा खरा आहे का? 'व्होडका चांगली आहे, पण मांस नासले आहे' तो?

नाही. बायबलमधल्या 'आत्मा उत्सुक आहे, पण देह दुबळा आहे' या वचनाचे यंत्राने असे केले, असे सांगतात. कोणत्याही यंत्राने ते केल्याचा पुरावा नाही आणि सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतो. किस्सा चांगला आहे, एवढेच.

न्यूरल पद्धत आल्यावर नेमके काय बदलले?

चुकांचा चेहरा. मला वाटते, या पानावरून एकच उत्तर वाचायचे असेल तर हे वाचा.

जुनी यंत्रे चुकली की दिसायचे. शब्दांचा क्रम उलटासुलटा, विभक्ती गायब, मध्येच एखादा इंग्रजी शब्द तसाच. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला होता. डॉक्टर रुग्णाच्या नातेवाइकांना सांगतात अशी १० वाक्ये तेव्हाच्या गूगल ट्रान्सलेटमधून २६ भाषांत काढली आणि त्या त्या भाषेच्या माणसांकडून तपासून घेतली. ५७.७ टक्के बरोबर निघाली. मराठीत 'तुमच्या पतीला कार्डिॲक अरेस्ट आला' याचे झाले होते हृदयाच्या कारावासासारखे काहीतरी. अरेस्ट म्हणजे अटक, म्हणजे तुरुंग. वाचणारा गोंधळेल, पण काहीतरी बिघडले आहे हे त्याला कळेल. स्वाहिलीतली चूक मात्र जीवघेणी होती: 'तुमच्या मुलाला झटके येत आहेत' याचे झाले 'तुमचे मूल मेले आहे'. ते वाक्य स्वच्छ होते. त्यात खटकण्यासारखे काही नव्हते.

आजची यंत्रे बहुतांशी या दुसऱ्या प्रकारे चुकतात. मराठी अस्खलित, वाक्य डौलदार, आणि अर्थ उलटा. मला आलेल्या एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेत मूळ सूचना अशी होती: पंखा पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडू नका. भाषांतराच्या मसुद्यात होते, 'पंखा पूर्णपणे थांबेपर्यंत झाकण उघडे ठेवा.' मराठी म्हणून निर्दोष. ज्याच्याजवळ मूळ इंग्रजी नाही त्याला शंका येण्याचे कारणच नाही. न्यूरल यंत्राला 'मला हे कळले नाही' असे म्हणता येत नाही. कळले नाही तेव्हाही ते तितक्याच सफाईने लिहिते. निरर्थक अक्षरे दिली तरी भाषांतर मिळते. २०१८ मध्ये लोकांनी इंग्रजीतला 'डॉग' हा शब्द ओळीने अनेकदा टंकून ते माओरी आहे असे यंत्राला सांगितले, तर उत्तरात जगबुडीची भविष्यवाणी आली. तुटपुंज्या डेटाच्या भाषांत बायबल हाच मोठा समांतर मजकूर असतो, तेव्हा यंत्राच्या तोंडी पैगंबरी सूर कुठून येतो याचा अंदाज बांधता येतो.

मराठीत फ्रेंच-जर्मनइतके चांगले का होत नाही?

पहिले कारण डेटा. युरोपीय संसदेचे कामकाज वर्षानुवर्षे अनेक भाषांत छापले जात आले, आणि ते नीट जुळवून संशोधकांना मोफत मिळाले. मराठीला असा साठा उशिरा मिळाला. २०२१ मध्ये एआय-फॉर-भारत या गटाने 'समानंतर' नावाचा साठा खुला केला, त्यात ११ भारतीय भाषांच्या मिळून सुमारे ४.९७ कोटी वाक्यजोड्या होत्या. २०२२ मध्ये मेटाचे २०० भाषांचे मॉडेल, म्हणजे शिकवून तयार केलेले भाषांतर यंत्र, आले, २०२३ मध्ये २२ अनुसूचित भाषांचे इंडिकट्रान्स-२. यानंतरचा फरक मला रोजच्या कामात जाणवला. तोवरची मराठी वाचताना दात दुखायचे.

साठा मोठा म्हणजे चांगला, असेही नाही. वेबवरून आपोआप गोळा केलेला मजकूर कसा असतो हे पाहण्यासाठी संशोधकांच्या एका मोठ्या चमूने २०५ भाषानिहाय साठे हाताने तपासले. त्यातल्या किमान १५ मध्ये वापरण्याजोगा मजकूर नव्हताच. देवनागरीत तर लिपी एक आणि भाषा अनेक, त्यामुळे 'मराठी' म्हणून गोळा केलेल्यात हिंदी, कोंकणी, नेपाळी मिसळते. वर आता वेबवरचे बरेचसे मराठी स्वतःच यंत्राने लिहिलेले असते. यंत्र आपलेच उष्टे खाते आहे.

दुसरे कारण मराठीची घडण. इंग्रजी शब्द सुटे उभे राहतात, आपला शब्द डबे जोडत जातो. घर, घराला, घरासमोर, घरासमोरचा, घरासमोरच्यांना, घरासमोरच्यांनासुद्धा. अशी रूपे कोशात मावत नाहीत आणि त्यातली बरीच यंत्राने शिकताना एकदाही पाहिलेली नसतात. २०१६ पासून शब्द वारंवारतेनुसार तुकड्यांत फोडण्याची पद्धत रूढ झाली आणि हा जाच बराच कमी झाला. पण तुकडे व्याकरणाच्या सांध्यावर पडतीलच असे नाही; खाटकाने तोडावे तसे ते कुठेही तुटतात.

तिसरे कारण मला सगळ्यांत रोचक वाटते: मराठीला जे सांगावेच लागते ते इंग्रजी सांगतच नाही. इंग्रजीतला 'यू' हा तू, तुम्ही की आपण? 'वी' म्हणजे आम्ही की आपण? 'आम्ही जेवलो' आणि 'आपण जेवलो' यांत समोरच्याच्या पोटाचा प्रश्न आहे. 'अंकल' हे काका, मामा की आत्याचे यजमान? मूळ मजकुरात हे नसेल तर यंत्र नाण्याची फेक करते, फक्त ते नाणे डेटाच्या बाजूला झुकलेले असते. उलट दिशेलाही नुकसान होते. गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे' असा नेमका आपल्यासारखाच भेद आहे. तरी मराठीतून गुजरातीत जाताना यंत्र मधे इंग्रजीत उतरले, तर तो भेद तिथेच सांडतो आणि पलीकडे पुन्हा अंदाजाने भरावा लागतो. थेट एका भारतीय भाषेतून दुसरीत जाणारी मॉडेल आता आहेत. शक्य असेल तिथे तीच वापरा.

भाषांतरात बाईच्या तोंडी 'मी थकलो' का येते?

कारण इंग्रजीतल्या 'आय ॲम टायर्ड' मध्ये बाई की पुरुष हे नाही, मराठीला ते हवे आणि डेटात पुरुष जास्त. डॉक्टर आला, नर्स आली. अधिकारी म्हणाला, शिक्षिका म्हणाली. तुर्कीसारख्या सर्वनामात लिंगभेद नसलेल्या भाषेतून इंग्रजीत येताना हे इतके ठळक दिसू लागले की डिसेंबर २०१८ पासून गूगलने काही वाक्यांसाठी दोन्ही रूपे दाखवायला सुरुवात केली. मराठीत आम्ही पळवाट काढतो. बटणावर 'मी पासवर्ड विसरलो' असे आले तर 'पासवर्ड आठवत नाही' असे करून टाकतो. पळवाट आहे, पण मराठीही जास्त बरी होते. कादंबरीत मात्र पळता येत नाही. तिथे दर दोन पानांनी नायिका पुरुष होते आणि तुम्ही तिला परत आणता.

हिंदीतून मराठी तर अगदी सोपे असेल?

वाक्यरचना सारखी, म्हणून सोपे. शब्द सारखे, म्हणून अवघड. हिंदीतली 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि मराठीतली शिक्षा म्हणजे दंड, तेव्हा 'शिक्षा का अधिकार' चा 'शिक्षेचा अधिकार' झाला तर काय अनर्थ होईल ते सांगायला नको. 'चेष्टा' तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. 'संसार' तिकडे जग, इकडे नवराबायकोचा. 'अवकाश' तिकडे सुटी. 'कल' चे काल करायचे की उद्या, हे क्रियापद पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि मथळ्यात क्रियापदच नसेल तर देवच जाणे. हिंदीवरून आलेला मसुदा मी इंग्रजीवरच्यापेक्षा जास्त सावधपणे वाचतो, कारण तिथे डोळा फसतो.

एखाद्या यंत्राचा ब्ल्यू स्कोअर ३० आहे असे म्हणतात. म्हणजे चांगले का?

एवढ्यावरून सांगता येत नाही. ब्ल्यू हे २००२ मध्ये आयबीएममध्ये तयार झालेले माप. यंत्राच्या वाक्यातले एक ते चार शब्दांचे गट माणसाने केलेल्या नमुन्याशी किती जुळतात, हे ते मोजते. अर्थ त्याला कळत नाही. नमुन्यात 'शेजाऱ्यांनासुद्धा' असेल आणि यंत्राने 'शेजाऱ्यांनाही' लिहिले तर त्या शब्दाला शून्य, दोन्ही बरोबर असून. म्हणून मराठीसारख्या भाषेत शब्दांऐवजी अक्षरगट जुळवणारे सीएचआरएफ हे २०१५ चे माप त्यातल्या त्यात न्यायाने वागते. २०२० पासून कॉमेटसारखी मापे आली. माणसांनी दिलेल्या गुणांवरून ती स्वतः शिकतात आणि माणसाच्या मताच्या बरीच जवळ जातात.

वेगळ्या भाषांचे किंवा वेगळ्या चाचणी-वाक्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवण्यात अर्थ नाही. 'माणसाच्या बरोबरीचे' असा दावा कुणी केला तर एकच विचारा: सुटी वाक्ये तपासली की सबंध लेख? २०१८ मध्ये चिनी-इंग्रजी बातम्यांबाबत मायक्रोसॉफ्टने असा दावा केला. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी व्यावसायिक भाषांतरकारांसमोर सबंध लेख ठेवले, तेव्हा त्यांनी माणसाचे भाषांतर स्पष्टपणे पसंत केले. एकेक वाक्य चोख आणि लेख मात्र विस्कटलेला, हे होऊ शकते. पहिल्या परिच्छेदात 'समिती' असते ती तिसऱ्यात 'मंडळ' होते.

भाषांतराचे ॲप वापरू की चॅटबॉट?

चॅटबॉटला सांगता येते, हा त्याचा मोठा फायदा. बोलणारी बाई आहे, समोरचा वयाने मोठा आहे, वाचक शाळकरी आहेत, 'सर्व्हर' चे भाषांतर करू नको: हे सगळे तो बऱ्यापैकी ऐकतो आणि सबंध लेख डोळ्यांसमोर ठेवतो. खोड अशी की त्याला लेखकपणा करायचा असतो. अवघड वाक्य गुळगुळीत करतो, लांब परिच्छेद गुपचूप आखूड करतो, कधी नसलेले वाक्य घालतो. आणि तोच मजकूर उद्या दिला तर उत्तर वेगळे. हजार ओळींची सॉफ्टवेअर फाइल एकसारखी हवी असेल तर भाषांतरासाठीच बनवलेले यंत्र बरे. पत्र, लेख, संवाद यांना चॅटबॉट.

मराठीत तो हळू आणि महाग पडतो, याचे कारण लिपीत दडलेले आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाइट घेते, इंग्रजी अक्षर एक. त्यात तुकडे पाडण्याची पद्धत इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून केलेली असेल, तर त्याच आशयाचे मराठीत कितीतरी जास्त तुकडे होतात, आणि पैसे तुकड्यांवर आकारतात.

कुठे वापरावे, कुठे नाही?

मी स्वतःला विचारतो: हे चुकले तर कोणाचे काय बिघडेल, आणि चूक कोणाला दिसेल? परक्या भाषेतला लेख कशाबद्दल आहे हे बघायचे असेल तर खुशाल वापरा. वाचणारे तुम्ही, फसणारेही तुम्हीच. औषधाचा डोस, करार, पोलिसांपुढचा जबाब, न्यायालयाचा निकाल इथे न तपासलेले भाषांतर वापरू नका. ऑक्टोबर २०१७ मध्ये वेस्ट बँकमधल्या एका पॅलेस्टिनी कामगाराने बुलडोझरशेजारचा आपला फोटो टाकून अरबीत शुभ सकाळ लिहिले. फेसबुकच्या यंत्राने त्याचे हिब्रूत 'त्यांच्यावर हल्ला करा' केले आणि इस्रायली पोलिसांनी त्याला अटक केली. काही तासांनी सोडले. अटकेआधी अरबी येणाऱ्या एकाही पोलिसाने ती पोस्ट वाचली नव्हती.

भाषांतर उलटे करून मूळ भाषेत आणले आणि जुळले, तर ते बरोबर समजायचे का?

समजू नका. दोन्ही वेळा अंदाज तेच यंत्र करते आहे. मधले मराठी भिकार असूनही परतीचे इंग्रजी छान येऊ शकते, कारण मधला चुकीचा शब्द तसाच पुन्हा उलटून मूळ जागी जातो. ठळक घोटाळा पकडायला ही युक्ती ठीक आहे, त्यापुढे नाही.

गोपनीय कागद चिकटवला तर चालतो का?

मोफत सेवेत नाही. २०१७ मध्ये एका मोफत भाषांतर संकेतस्थळावर लोकांनी चिकटवलेला मजकूर चक्क शोधयंत्रांतून सापडू लागला होता, त्यात कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रेही होती. सेवेच्या अटी वाचा: मजकूर साठवतात का, ट्रेनिंगला वापरतात का. नाहीतर आपल्याच संगणकावर चालणारे मॉडेल घ्या. फायरफॉक्समध्ये २०२३ पासून पानांचे भाषांतर संगणकाबाहेर काही न पाठवता होते. सगळ्या भाषा मात्र त्यात नाहीत.

पोस्ट-एडिटिंग करताना सुरुवात कुठून करू?

मूळ वाक्यापासून. मसुदा आधी वाचलात तर गेलात. गुळगुळीत मराठी एकदा डोक्यात बसली की मूळ वाक्यही तुम्हाला तसेच दिसू लागते. आधी मूळ, मग मसुदा, मग पुन्हा मूळ.

नकार पहिल्यांदा तपासा. इंग्रजीत 'अनलेस' किंवा 'अन्टिल' दिसले की थांबाच. मग आकडे, तारखा, एकके. इंग्रजीतले मिलियन आणि बिलियन लाख-कोटीत आणताना शून्ये हमखास सांडतात. मग नावे. मग संज्ञा सगळीकडे एकच आहे का ते. यासाठी ग्लॉसरी, म्हणजे ठरलेल्या संज्ञांची यादी, आधी करून घ्या, ट्रान्सलेशन मेमरीला (आधी केलेल्या भाषांतरांच्या साठ्याला) जोडा, पुढचे दहा तास वाचतात. सर्वांत शेवटी भाषा. 'च्या द्वारे', 'च्या संदर्भात', 'एक महत्त्वाची भूमिका बजावते' हे यंत्राचे आवडते लाकडी ओंडके काढून टाका. आणि वाक्य दोनदा वाचूनही जमत नसेल तर दुरुस्त करत बसू नका. पुसून स्वतः लिहा. ते लवकर होते.

या कामासाठी २०१७ चे आयएसओ १८५८७ हे मानक आहे. ग्राहकाला 'हलके' संपादन हवे आहे की 'पूर्ण', हे लेखी घ्या. हलक्या कामाच्या दरात पूर्ण कामाची अपेक्षा हे या धंद्यातले जुने दुखणे आहे.

यंत्राला सोपे जावे म्हणून मूळ मजकूर कसा लिहू?

छोटी वाक्ये, उघड कर्ता, एका गोष्टीला एकच नाव. 'हे', 'ते', 'त्यामुळे' कशाला उद्देशून आहेत ते दिसू द्या. पूर्णविराम द्यायला विसरू नका. ओळ तुटली की यंत्राला वाक्य संपल्यासारखे वाटते. पीडीएफमधून थेट मजकूर उचललात तर हा घोळ होतोच, आणि जुन्या फाँटमधली मराठी असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर यंत्रापुढे नुसता कचरा जातो.

आमच्या विषयासाठी स्वतःचे यंत्र बनवता येईल का?

शून्यापासून नको. खुले मॉडेल घ्या आणि तुमच्या विषयाच्या वाक्यजोड्यांवर त्याला आणखी शिकवा. याला फाइन-ट्यूनिंग म्हणतात. नीट तपासलेल्या काही हजार जोड्यांनीही संज्ञा आणि शैली सुधारते. जोड्या कमी आणि नुसते मराठी भरपूर असेल, तर त्या मराठीचे यंत्राकडून इंग्रजी करून घ्या आणि जोडी उलटी वापरा. यात इंग्रजी बाजू कच्ची असली तरी शिकायची बाजू खऱ्या माणसाची मराठी राहते, म्हणून ही युक्ती लागू पडते. चाचणीची वाक्ये मात्र पहिल्याच दिवशी बाजूला काढून कुलपात ठेवा. तीच शिकवणीत मिसळली तर आकडे सुंदर येतात आणि यंत्र तसेच राहते.

कवितेचे?

करून बघा. हसू येईल, आणि क्वचित एखादी ओळ चकित करील.

भाषांतरकारांचे काम जाणार का?

काही काम गेलेच आहे. वस्तूंची वर्णने, मदतीची पाने, एकसुरी अहवाल यांचा पहिला मसुदा आता यंत्र करते, आणि शब्दागणिक मिळणारे दर घसरले. उरलेले काम बदलले: पूर्वी लिहिण्याचे पैसे मिळत, आता शंका घेण्याचे मिळतात. शंका घेण्याने लिहिण्याइतकाच थकवा येतो, पण बिलात तो दिसत नाही. माझा सल्ला, शब्दांवर नव्हे तर तासांवर दर मागा. एका विषयात खोल उतरा, कारण वैद्यकीय वाक्यातली गुळगुळीत चूक ओळखायला मराठी उत्तम असून भागत नाही, वैद्यक कळावे लागते.

चूक सापडली तर कळवून उपयोग होतो का?

ॲपमधल्या 'सुधारणा सुचवा' बटणाने उद्या वाक्य बदलेल असे समजू नका. पण स्वतःची वही ठेवा: मूळ, यंत्राचे, तुमचे, आणि चूक कोणत्या जातीची. दोन-तीनशे नोंदी झाल्या की तुमच्या विषयाची चाचणी तयार होते, आणि पुढचे कुणी नवे यंत्र घेऊन आले की तुम्ही आधी ती पुढे करता. माझ्या वहीतली पहिली नोंद त्या पंख्याच्या झाकणाची आहे. प्रत्येक नव्या यंत्राला मी तेच वाक्य आधी देतो.